कॉसमॉस ९५४ : उपग्रह ‘जिवंत’ आहे की नाही, हे त्याच्या वाटेवरून कसे कळते?

१/
२४ जानेवारी १९७८. कॅनडाच्या उत्तर भागातील ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या परिसरात अजून पहाटेचा अंधार होता. यलोनाइफ गावात त्या वेळी जागे असलेल्या मोजक्या लोकांनी आकाशातून जळत जाणारा एक गोळा आणि त्याच्या मागे ओढले जाणारे पेटते तुकडे पाहिले. पाहणाऱ्याला ती मोठी उल्का वाटावी. प्रत्यक्षात तो सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह होता आणि त्याच्या पोटात अणुभट्टी होती.

२/
यलोनाइफच्या रहिवाशांना याची काहीच कल्पना नव्हती. अमेरिकेच्या हवाई संरक्षण यंत्रणेतील काही अधिकारी मात्र कित्येक आठवडे या घटनेची वाट पाहत होते. उपग्रहाचे संदेश सांकेतिक होते, मॉस्कोने जाहीर काही सांगितले नव्हते आणि आत काय बिघडले हे बाहेरून दिसण्याची सोय नव्हती. तरीही हा उपग्रह आपल्या धन्याच्या हातून सुटला आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते कशावरून, याचा हा इतिहास.

३/
आधी उपग्रहाविषयी. कॉसमॉस ९५४ चे काम होते समुद्रावरील अमेरिकी युद्धनौका रडारने शोधण्याचे. रडारची एक अडचण अशी की लक्ष्यावरून परतणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घातात क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले तर प्रतिध्वनी सोळापट दुबळा. म्हणून हे उपग्रह फार खालून, जेमतेम २५० ते २६५ किमी उंचीवरून फिरवावे लागत.

४/
एवढ्या उंचीवर विरळ का होईना, पण हवा असते. रडारला पुरेशी वीज द्यायची तर सौरपंखे मोठे हवेत. मोठे पंखे हवेत शिडासारखे अडतात आणि उपग्रह लवकर खाली येतो. या कोंडीतून सोव्हिएत अभियंत्यांनी काढलेला मार्ग म्हणजे छोटी अणुभट्टी. तिच्यात सुमारे ३० किलो समृद्ध युरेनियम असे. काम संपले की अणुभट्टीचा भाग वेगळा करून सुमारे ९५० किमी उंचीवर ढकलायचा आणि तेथे काही शतके फिरत ठेवायचा, अशी योजना होती. तंत्र म्हणून ही योजना चतुर होती. मात्र सारी सुरक्षितता शेवटच्या एका ढकलण्यावर टांगलेली होती.

५/
आता मूळ प्रश्न. खालच्या कक्षेतील उपग्रहाला हवेचा अडथळा सतत खाली खेचतो. विचित्र वाटेल, पण अडथळ्यामुळे तो खाली येतो आणि खाली आला की अधिक वेगाने फिरतो. म्हणजेच त्याचा परिभ्रमणकाळ घटत जातो. कॉसमॉस ९५४ च्या जातीचे उपग्रह आपला परिभ्रमणकाळ ८९.६५ मिनिटांच्या आसपास राखीत. दिवसाला सोळा फेऱ्यांहून किंचित जास्त.

६/
थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. या उंचीवर कक्षा १ किमीने खाली आली तर एका फेरीचा वेळ सुमारे सव्वा सेकंदाने कमी होतो. सव्वा सेकंद म्हणजे काहीच नाही. पण दिवसाच्या सोळा फेऱ्यांत तो साचून जवळजवळ २० सेकंद होतो. सेकंदाला पावणेआठ किमी धावणारी वस्तू २० सेकंदांत दीडशे किमी पुढे जाते. म्हणजे काल जेथे दिसायला हवी होती तेथून आज ती दीडशे किमी पुढे सापडते. एवढा फरक टिपायला फार मोठी वेधशाळा लागत नाही. चांगले घड्याळ, रेडिओ आणि नेमाने नोंद ठेवणारा माणूस एवढे पुरते.

७/
म्हणून अशा उपग्रहाच्या परिभ्रमणकाळाचा आलेख काढला की तो करवतीच्या दातांसारखा दिसतो. काळ हळूहळू घटतो, मग छोटे इंजिन पेटते आणि काळ पूर्ववत होतो. पुन्हा घट, पुन्हा दुरुस्ती. प्रत्येक दात म्हणजे जमिनीवरून आलेली आज्ञा उपग्रहाने पाळल्याची खूण. दात यायचे थांबले आणि रेषा एकसारखी घसरू लागली, तर इंजिन, इंधन, संगणक किंवा संपर्क यांपैकी काहीतरी गेले आहे. नेमके काय गेले ते आलेख सांगत नाही.

८/
या वाचनात एक सापळा आहे. वरच्या थरांतील हवेची घनता सूर्याच्या लहरीवर अवलंबून असते. सौरवादळ आले की हे थर फुगतात आणि धडधाकट उपग्रहही अचानक जास्त घसरू लागतो. त्यामुळे एकट्या उपग्रहाचा आलेख पाहून निदान करणे धोक्याचे ठरते. त्याच उंचीवरच्या शेजाऱ्यांशी ताळा घ्यावा लागतो. सगळेच घसरले तर दोष सूर्याचा. एकटाच घसरला तर दोष त्याचा.

९/
ही विद्या लष्करी रडारांच्या बरोबरीनेच, आणि काही बाबतींत त्यांच्याआधी, हौशी लोकांच्या हाती आली होती, हे या इतिहासाचे सर्वांत सुंदर पान म्हणावे लागेल. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुत्निक फिरू लागला, तेव्हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी त्याची ‘बीप’ ऐकली. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा स्वर चढतो आणि दूर जाताना उतरतो, तसाच या लहरींचा स्वर बदलत होता. केवळ त्या चढउतारावरून त्यांनी स्पुत्निकची कक्षा काढली. उपग्रहावरून जमिनीवरचे स्थान शोधण्याची कल्पना याच कामातून पुढे आली.

१०/
इंग्लंडमधील केटरिंग गावच्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी हे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर हे हौशी रेडिओचालक. १९६० पासून या दोघांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन सोव्हिएत उपग्रह ऐकायला सुरुवात केली. सोव्हिएत संघ ‘कॉसमॉस’ या एकाच नावाखाली हेरगिरीचे, हवामानाचे, संशोधनाचे असे सगळे उपग्रह सोडत असे. जाहीर निवेदनात क्रमांक, तारीख, कक्षेचे आकडे आणि ‘अवकाश संशोधनासाठी’ असा एक शब्दप्रयोग, एवढेच असे. केटरिंगच्या मुलांनी कोणता उपग्रह कधी आणि कोणत्या स्वरात बोलतो, किती दिवसांनी गप्प होतो, याच्या वह्या भरल्या. छायाचित्रे घेणारे हेर-उपग्रह साधारण आठ दिवसांनी फिल्म घेऊन जमिनीवर परततात आणि उतरताना त्यांचा संदेश बदलतो, हे त्यांना ऐकूनच कळू लागले.

११/
मार्च १९६६ मध्ये सुटलेल्या कॉसमॉस ११२ च्या वाटेचा ताळा जुन्या प्रक्षेपण केंद्राशी जुळेना. पेरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाट मागे मागे नेली, पुढच्या उपग्रहांच्या वाटांशी ती कोठे छेदते हे पाहिले, आणि वर्ष संपण्याआधी जाहीर केले की उत्तर रशियात प्लेसेत्स्कजवळ नवे प्रक्षेपण केंद्र असले पाहिजे. ते खरे निघाले. सोव्हिएत संघाने मात्र त्या केंद्राचे अस्तित्व १९८३ पर्यंत अधिकृतपणे मान्य केले नव्हते. हेरगिरीसाठी प्रचंड पैसा खर्च करणाऱ्या यंत्रणांनाही हे माहीत होते. फरक एवढाच की त्यांनी कोणाला सांगितले नाही आणि शाळेने सांगितले.

१२/
हा फरक लक्षात ठेवून पुन्हा कॉसमॉस ९५४ कडे येऊ. १८ सप्टेंबर १९७७ रोजी तो सुटला. त्याचा जोडीदार कॉसमॉस ९५२ दोन दिवस आधी गेला होता. डिसेंबरच्या मध्यापर्यंत अमेरिकी रडारांच्या नोंदींत कॉसमॉस ९५४ ची उंची अनियमितपणे बदलताना दिसू लागली. करवतीच्या नेटक्या दातांऐवजी आलेख वेडावाकडा झाला. नियंत्रक त्याला सावरू पाहत होते आणि तो ऐकत नव्हता. ६ जानेवारी १९७८ रोजी उपग्रहातील दाब अचानक नाहीसा झाला, असे सोव्हिएत बाजूने नंतर सांगितले. त्यानंतर आलेखात एकच दिशा उरली.

१३/
१२ जानेवारीला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार झ्बिग्न्यू ब्रझेझिन्स्की यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना बोलावून थेट विचारले. उत्तर आले की भट्टी वातावरणात जळून जाईल अशी तिची रचना आहे. काही मित्रराष्ट्रांच्या सरकारांना खासगीत कळवण्यात आले. ज्यांच्या डोक्यावरून तो दिवसातून सोळा वेळा पृथ्वी ओलांडत होता, त्या सामान्य लोकांना मात्र कोणीच काही सांगितले नाही.

१४/
घबराट होईल, हे कारण नंतर दिले गेले. ते अगदीच पोकळ नव्हते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ‘स्कायलॅब’ विचारून पाहावे. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची ती रिकामी अवकाशप्रयोगशाळा पडणार हे जगजाहीर होते आणि भारतात गावोगावी लोकांनी धास्ती घेतली होती. स्कायलॅबमध्ये अणुभट्टी नव्हती. कॉसमॉस ९५४ मध्ये होती, आणि तो कोणाच्या आजीला आठवत नाही.

१५/
उपग्रह कधी पडणार याचा अंदाज मागोव्यावरून येतो. कोठे पडणार याचा अंदाज शेवटच्या तासांपर्यंत येत नाही. पडण्याच्या वेळेत एका फेरीची चूक झाली तर जागा हजारो किमीने बदलते. कॉसमॉस ९५४ ची कक्षा विषुववृत्ताशी ६५ अंशांचा कोन करीत होती, म्हणजे मानवी वस्तीचा बहुतेक सारा प्रदेश तिच्या खाली येत होता. शेवटच्या फेरीत तो पॅसिफिकवरून येऊन कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर वातावरणात शिरला आणि त्याचे अवशेष ईशान्येकडे सुमारे ६०० किमी लांबीच्या पट्ट्यात विखुरले. जवळजवळ निर्मनुष्य असा तो प्रदेश. हे नशीब होते. यात कोणाचेही कौशल्य नव्हते.

१६/
अगदी निर्मनुष्य म्हणावा तर तेही खरे नाही. थेलॉन नदीकाठी वॉर्डन्स ग्रोव्ह येथे सहा तरुण हिवाळा काढत होते. त्यांच्यापैकी दोघांना बर्फात एक वाकडीतिकडी धातूची वस्तू सापडली. रेडिओवरून बातमी कळल्यावर त्यांना कळले की आपण कशाजवळ उभे होतो.

१७/
‘ऑपरेशन मॉर्निंग लाइट’ या नावाने कॅनडा आणि अमेरिकेने संयुक्त शोध घेतला. १,२४,००० चौरस किमी प्रदेश विमाने, हेलिकॉप्टर आणि पायी फिरून तपासला. सापडलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ सगळे किरणोत्सारी होते, काही तर जवळ थांबणेही जिवावर बेतेल इतके. इंधनाचा फारच थोडा अंश परत मिळाला. बाकीचे सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत आणि बर्फात मिसळले. त्या भूमीवर शिकार आणि मासेमारी करून जगणाऱ्या देने आणि इनुइट लोकांनी मांस खावे की नाही, पाणी प्यावे की नाही, हा प्रश्न कोणत्याही आलेखात नव्हता.

१८/
कॅनडाला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर खर्च आला. १९७२ च्या उत्तरदायित्व कराराचा आधार घेऊन त्याने सोव्हिएत संघाकडे ६०,४१,१७४ डॉलर ७० सेंट मागितले. एप्रिल १९८१ मध्ये तडजोड झाली ती ३० लाख डॉलरवर. पुढे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अवकाशातील अणुऊर्जेविषयी तत्त्वे स्वीकारली. त्यांत असे यान बिघडून परत येण्याचा धोका दिसल्यास इतर देशांना वेळेवर कळवावे, असे स्पष्ट नमूद आहे.

१९/
बदल त्याआधीच दिसू लागला होता. डिसेंबर १९८२ च्या अखेरीस कॉसमॉस १४०२ चा शेवटचा ढकलण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा ही बातमी लपली नाही. मुख्य भाग २३ जानेवारी १९८३ रोजी हिंदी महासागरावर आणि भट्टीचा गाभा फेब्रुवारीत दक्षिण अटलांटिकवर कोसळला. साऱ्या जगाने त्याचा दिवसागणिक पाठपुरावा केला. १९८८ मध्ये कॉसमॉस १९०० चा संपर्क तुटला, तेव्हा मॉस्कोने स्वतःच जाहीर केले. त्या वेळी स्वयंचलित यंत्रणेने अखेरच्या टप्प्यात भट्टी वर ढकलली आणि संकट टळले.

२०/
आज अशा मागोव्याची कच्ची नोंद कोणीही पाहू शकतो. अमेरिकी लष्कराच्या यादीतील प्रत्येक वस्तूसाठी ६९ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यांत कक्षेचा कल, तिची लांबट-गोलाई, आणि दिवसातील फेऱ्यांची संख्या आठ दशांश स्थळांपर्यंत दिलेली असते. टी. एस. केल्सो यांनी १९८५ पासून ‘सेलेसट्रॅक’वर या ओळी लोकांपर्यंत पोचवल्या. रोजच्या ओळी एकाखाली एक मांडल्या की उपग्रहाचे दैनंदिन चरित्र तयार होते.

२१/
भूस्थिर उपग्रहांचे चरित्र वेगळ्या खुणांनी वाचावे लागते. ३५,७८६ किमी उंचीवर हवा नाही, म्हणून घसरण नाही. तेथे खेचतात ते चंद्र, सूर्य आणि पृथ्वीचा किंचित वेडावाकडा आकार. नियंत्रण सुटलेल्या उपग्रहाची कक्षा वर्षाला पाऊण अंशाहून अधिक कलू लागते. आणि तो आपली जागा सोडून ७५ अंश पूर्व किंवा १०५ अंश पश्चिम रेखांशाकडे सरकतो, उताराकडे पाणी जावे तसा. यांतील पहिले स्थान भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरावर आहे.

२२/
मार्च २०१८ मध्ये भारतीयांनी ही विद्या फार जवळून अनुभवली. २९ मार्चला श्रीहरिकोटाहून जीसॅट-६ए गेला. कक्षा तीन टप्प्यांत उंचावायची होती. दोन टप्पे झाले. तिसरा १ एप्रिलला ठरला होता. दुसऱ्या टप्प्यानंतर इस्रोकडून नेहमीसारखे निवेदन न आल्याने कुजबुज सुरू झाली आणि १ एप्रिलला संपर्क तुटल्याचे जाहीर झाले. सार्वजनिक नोंदीत उपग्रह त्यानंतरही दिसत राहिला. पण कक्षा अर्धवटच राहिली. तिसरा टप्पा कधीच उमटला नाही.

२३/
आता या विद्येच्या मर्यादा, कारण त्या न सांगता हा इतिहास सांगणे अप्रामाणिक ठरेल. नोव्हेंबर १९५७ मध्ये लायका या कुत्रीला घेऊन स्पुत्निक २ गेला. एप्रिल १९५८ पर्यंत तो पृथ्वीभोवती फिरत होता आणि जगभर लोक त्याला आकाशात पाहत होते. लायका पहिल्या काही तासांतच उष्णतेने मेली होती. हे रशियाने २००२ मध्ये सांगितले. कक्षेत याची कसलीच खूण नव्हती, असणे शक्यही नव्हते.

२४/
८ एप्रिल २०१२ रोजी युरोपचा आठ टनी एन्व्हिसॅट अचानक गप्प झाला. सुमारे ७७० किमी उंचीवर घसरण इतकी मंद असते की कक्षेच्या आकड्यांत कालचा जिवंत आणि आजचा मुका उपग्रह सारखेच दिसत होते. मग इतर साधने हाती घ्यावी लागली. जर्मनीतील रडारने त्याची प्रतिमा घेतली, फ्रान्सच्या प्लेयाद उपग्रहाने सुमारे १०० किमीवरून छायाचित्र काढले. तो अखंड होता, तुटला नव्हता. महिनाभर साद घालून ९ मे रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले. पुढील वर्षांत लेसरने अंतर मोजताना दिसले की तो स्वतःभोवती गिरक्या घेतो आहे.

२५/
याच्या उलट गॅलेक्सी १५. एप्रिल २०१० मध्ये हा दूरसंचार उपग्रह आज्ञा मानेनासा झाला आणि १३३ अंश पश्चिमेवरून पूर्वेकडे वाहू लागला. कक्षा पाहणारा त्याला मृत ठरवील. पण त्याचा प्रक्षेपक मात्र पूर्ण ताकदीने चालू होता आणि वाटेतल्या शेजाऱ्यांच्या प्रक्षेपणात अडथळा येण्याची भीती होती. वृत्तपत्रांनी त्याला ‘झोंबी’ म्हटले. डिसेंबरात बॅटरी पूर्ण उतरून संगणक पुन्हा सुरू झाला आणि तो आज्ञेत परतला.

२६/
नासाचा ‘इमेज’ हा उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये गप्प झाला आणि मोहीम संपल्याचे जाहीर झाले. सार्वजनिक नोंदीत तो रोज फिरताना दिसत होता. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. २० जानेवारी २०१८ रोजी कॅनडातील हौशी रेडिओचालक स्कॉट टिली एक गुप्त अमेरिकी उपग्रह शोधत होते. त्यांना एक अनोळखी संदेश मिळाला. त्याच्या स्वराचा चढउतार त्यांनी यादीतील कक्षांशी ताडून पाहिला आणि तो ‘इमेज’च्या कक्षेशी जुळला. दहा दिवसांत नासाने दुजोरा दिला. गायर आणि वायफेनबाख यांनी स्वरावरून कक्षा काढली होती. टिली यांनी कक्षेवरून स्वराचा मालक ओळखला.

२७/
कॉसमॉस ९५४ चा जोडीदार कॉसमॉस ९५२ याचे काम ठरल्याप्रमाणे संपले आणि त्याची अणुभट्टी ठरल्याप्रमाणे वर ढकलली गेली. ती अजून यादीत आहे. सुमारे १०४ मिनिटांत एक फेरी, इंजिन नाही, संदेश नाही, आलेखात दात नाहीत. तिच्या दोन ओळी आजही नियमितपणे प्रसिद्ध होतात आणि आणखी काही शतके होत राहतील.